बोट मुडपून

“बोट मुडपा, बाई,” शिवलीला म्हणाली.

मी फक्त विचारलं होतं, की तो पलीकडचा भोपळा कुठल्या वेलाचा. माझं बोट अजून हवेतच होतं. तिनं माझं मनगट धरलं, तर्जनी अलगद दुमडली, आणि स्वतःच्या दुमडलेल्या बोटाच्या पेरानं तोच भोपळा मला परत दाखवला.

“असं दावायचं. कवळ्या फळाला सरळ बोट दावलं की ते लाजतंय, आन् वाढायचं थांबतंय.”

“कोण म्हणतं?”

“समदीच म्हनत्यात.”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, नुकतीच एम.एस्सी. झालेली, आणि सगळे म्हणतात त्या गोष्टीला पुरावा मागायची मला वाईट खोड होती. मी हसले. ती हसली नाही. माझं बोट मात्र तिनं नीट दुमडेपर्यंत सोडलं नाही.

हे चौऱ्याऐंशी सालचं. भीमेच्या काठचं गाव. नाव सांगत नाही, तिथली मुलं आता शिकलीसवरली आहेत. त्या गावात चार-पाच घरं तंबोऱ्याचे भोपळे लावायची. हे खायचे भोपळे नव्हेत, कडूजहर असतात. वेलावरच पिकू द्यायचे, वाळवायचे, मग मिरजेचे कारागीर येऊन टिचकी मारून पारखून न्यायचे. सिद्राम अण्णांच्या रानात दोन जातींचे वेल होते. एकाला ते धाकटा म्हणायचे, त्याचं फळ घागरीएवढं. दुसरा थोरला. त्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं तर बोटांना बोटं जेमतेम लागायची.

माती तीच, पाणी तेच. मग एक घागरीएवढा होऊन राहतो आणि दुसरा पुढे जातो, हे कसं? थोरला पहिल्यापासूनच भराभर वाढतो, की जास्त दिवस वाढत राहतो? फरक बियातूनच येतो हे कुणीही सांगेल. पण तो फळात उतरतो कधी, कुठल्या दिवशी? हा माझा पीएच.डी.चा विषय. वडिलांनी मला दोन वर्षं दिली होती. दोन वर्षांत झालं तर झालं, नाहीतर सांगून आलेलं स्थळ पाहायचं. त्यामुळे मला एक हंगामसुद्धा वाया घालवणं परवडणारं नव्हतं.

मी शाळेतल्या बाईंच्या खोलीवर राहायची आणि उजाडताच रानात जायची. माझ्या दिमतीला अण्णांनी सून दिली होती. शिवलीला एकोणीस-वीस वर्षांची, सातवी पास, अक्षर माझ्यापेक्षा बरं. मी दोऱ्यानं फळाचा घेर मोजायची आणि ती वहीत आकडा लिहायची. कधी कधी माझ्याआधीच अंदाज सांगायची. “आज साडेअकरा भरतंय बगा.” आणि साडेअकराच भरायचं.

त्या वर्षी थोरल्यावर संकट होतं. बियासाठी ठेवलेला भोपळा उंदरांनी पोखरला होता. अण्णांच्या हाती पाच बिया लागल्या. त्यांतल्या तीन रुजल्याच नाहीत, एकीचं रोप किड्यानं कातरलं. उरला एक वेल. त्याच्या पहिल्या मादी फुलांना पावसानं झोडपलं आणि ती गळाली. मग उशिरानं एक फूल आलं. ते पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. अण्णांनी त्याच वेलाचं नर फूल आणून स्वतःच्या हातानं त्यावर फिरवलं आणि धाकट्याचा पराग लागू नये म्हणून वरून फडकं बांधलं.

“सोयरीक घरातल्या घरात बरी,” ते मला म्हणाले. “हे एक फळ पिकलं तर बी ऱ्हाईल. न्हाई तर आमच्या आज्यापासनंचा थोरला संपला.”

“दुसरीकडून बी मिळणार नाही का?”

“मिळंल की. पर त्यो चपटा निघतोय. आमच्यासारका गोल न्हाई. चपट्याला आवाज भरत न्हाई म्हनत्यात मिरजवालं.”

फळ धरलं तसं त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. त्या वेलाचं पाणी, त्याची राखण, सगळं शिवलीलेकडे दिलं. अव्वाला, म्हणजे तिच्या सासूला, हे मुळीच आवडलं नाही. शिवलीलेची दोन बाळं पाठोपाठ गेली होती. नवरा सोलापुरात गिरणीत, महिन्यातून एकदा यायचा. घरात तिच्या हाताला यश नाही असं उघड बोललं जायचं. अव्वा पापड लाटायला बसली तर सुनेला पीठ मळू द्यायची नाही.

“हिच्या हाताखाली हे फळ पिकू दे,” अण्णा माझ्यादेखतच बायकोला म्हणाले. “मग तुज्या तोंडाला कुलूप बसंल.”

शिवलीला खाली बघून पानं सारखी करत होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिनं फळाखाली वाळूची गादी केली होती आणि वर पानांची सावली धरली होती. मी फळ मोजलं. सुपारीहून थोडं मोठं.

“बाई,” अण्णांनी मला बजावलं, “धाकट्याचं तुमी काय बी करा. सुई लावा, कापा. थोरल्याला निस्ता दोरा. सुई न्हाई.”

सुईची गोष्ट अशी. दोऱ्यानं घेर कळतो, पण फळ नेमकं कुठं वाढतंय ते कळत नाही. त्यासाठी कोवळ्या सालीवर सुईनं काळ्या शाईचे ठिपके टोचायचे. फळ फुगेल तसे ठिपके एकमेकांपासून लांब जातात, ते अंतर रोज मोजायचं. धाकट्याच्या बारा फळांवर मी असे ठिपके दिले होते. दोन कुजली होती, दहा ठणठणीत होती.

“बरं,” मी अण्णांना म्हटलं.

फळ धरल्यापासून चौथ्या दिवशी फोटो काढायचा होता. पीएच.डी.च्या माझ्या मार्गदर्शक सरांचा निरोप होता, दोन्ही जातींच्या फळांचे सुरुवातीपासूनचे फोटो हवेत. विभागाचा जुना कॅमेरा, काळापांढरा रोल. त्या फोटोत लिंबाएवढं फळ पानांत हरवून जायचं. मी म्हटलं, “शिवलीले, जरा बोट दाखव फळाकडे. म्हणजे फोटोत सापडेल.”

तिनं बोट मुडपून दाखवलं.

“असं नाही गं. मुडपलेलं बोट कुठंही दाखवल्यासारखं वाटतं. सरळ धर.”

“नगं, बाई.”

“काही होत नाही. मी सांगते ना. इतकी शिकलीस आणि असलं काय मनात धरतेस?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटतं, माझ्या त्या ‘शिकलीस’ला ती भुलली. तिला कुणी शिकलेली म्हणत नसे. तिनं तर्जनी हळूच सरळ केली आणि मी बटण दाबलं. मान वर केली तर बांधावर अव्वा उभी होती, डोक्यावर गवताचा भारा. आमच्याकडे पाहून ती निघून गेली.

सहाव्या दिवशी सरांचं पत्र आलं. थोरल्यावर ठिपके नसतील तर तुलना कशाची करणार, असं त्यांनी विचारलं होतं. नुसत्या घेरावर प्रबंध उभा राहणार नाही. हंगाम गेला तर वर्ष गेलं. पत्र झोळीत घालून मी रानात आले. अण्णा मंगळवेढ्याच्या बाजारात गेले होते. शिवलीला घागर घेऊन विहिरीवर गेली. मी डबीतून सुई काढली.

बारातली दोन म्हणजे काही फार नव्हेत, असं मी स्वतःला सांगितलं. फळाची जमिनीकडची बाजू निवडली. तिथं कुणाचं लक्ष जाणार नव्हतं. कोवळ्या फळावर बारीक मऊ लव असते. बोटांनी धरताना ती पुसली गेली. सात ठिपके दिले. शिवलीला परत आली तेव्हा मी दोरा गुंडाळत होते.

“किती भरलं?” तिनं विचारलं.

“सतरा.”

“मला वाटलंच,” ती म्हणाली आणि वहीत सतरा लिहिलं.

पुढचे चार दिवस मी सुखात होते. खोटं कशाला बोलू? रोज खाली वाकून, पान सावरण्याचं निमित्त करून ठिपक्यांतलं अंतर मोजायची आणि आकडे माझ्या वेगळ्या वहीत उतरवायची. थोरला आणि धाकटा अगदी सारखेच वाढत होते. शेजारी शेजारी ठेवले असते तर कोण कुठला ते अण्णांनाही ओळखता आलं नसतं. म्हणजे फरक पुढे कुठंतरी पडणार होता, आणि तो मला पाहायला मिळणार होता.

अकराव्या दिवशी ठिपक्यांभोवती पाणी धरल्यासारखे गोल उमटले. बाराव्या दिवशी सकाळी फळ वाळूवर कलंडलेलं होतं आणि देठ पिवळा पडला होता. खालची बाजू पूर्ण तपकिरी झाली होती, बोट लावलं असतं तर आत गेलं असतं. ठिपके त्यात मिसळून गेले होते.

अण्णा फळापाशी उकिडवे बसले. त्यांनी त्याला हात लावला नाही. अव्वा मागं उभी, शिवलीला घागर कमरेवर घेऊन तशीच. घागर खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

“कुनी बोट दावलं ह्याला?” अण्णांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

“हिनं,” अव्वा म्हणाली. “म्या बांधावरनं बघितलं. फोटू काडताना. सरळ, आसं.” आणि ते करून दाखवतानाही तिनं स्वतःचं बोट मुडपलेलंच ठेवलं.

“व्हय गं?”

“दावलं,” शिवलीला म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

“बोट मीच दाखवायला सांगितलं होतं, अण्णा,” मी म्हटलं. “आणि बोट दाखवून फळ कुजत नसतं. फळमाशीनं डंख मारला असेल.”

“मग बाकीच्या फळांस्नी माशी का लागली न्हाई?”

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. माझ्या झोळीत, एका पत्र्याच्या डबीत. मी मान खाली घातली, वही उघडली आणि तारखेपुढे लिहिलं, ‘फळ क्र. १३ गळाले.’ माझं अक्षर त्या दिवशी नेहमीपेक्षा बरं आलं आहे.

“बाईंनी सांगितलं म्हनून काय झालं,” अव्वा म्हणाली. “बाईंस्नी काय ठावं? हिला ठावं हुतं. दोन लेकरं गिळली, आता ह्यो.”

अण्णा काहीच बोलले नाहीत. मला अजून वाटतं, ते बोलले असते तर अव्वा गप्प बसली असती. पण त्यांनी सुनेवर पैज लावली होती आणि सगळ्यांसमोर ते हरले होते. ते उठले आणि नदीकडे चालू लागले.

शिवलीलेला रानात यायला बंदी झाली. चुलीपाशीही तिला येऊ देत नव्हते. तिच्या भावाला निरोप गेला. तो येईपर्यंत ती घराच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून होती, कपड्यांचं गाठोडं शेजारी. माझी रानाची वाट त्या सोप्यापुढूनच जायची. मी दिसले की ती उठून उभी राहायची.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, “सगळं ठीक होईल.” ती म्हणाली, “व्हय.”

दुसऱ्या दिवशी मी नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन विचारलं, “बाई, आज काय काम हाय?”

“नेहमीचंच. मोजणी.”

“मामा आज दुपारच्याला घरीच हायती,” ती म्हणाली. सासऱ्यांना, अण्णांना, ती मामा म्हणायची. “कुटं जानार न्हाईत.”

“बरं,” मी म्हटलं आणि पुढे गेले. मला कळलं नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. मला कळलं होतं. रानात पोचेपर्यंत मी मनातल्या मनात अण्णांना सगळं सांगितलं, त्यांनी मला हाकलून दिलं, वडिलांनी घराच्या दारात माझी ट्रंक उतरवून घेतली, हेही सगळं पाहिलं. मग दहा फळं मोजायची होती ती मोजली. दुपारी घरी गेले नाही. भाकरी रानातच खाल्ली.

चौथ्या दिवशी सोपा रिकामा होता.

अक्षय्यतृतीयेला तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं. हे मला शाळेतल्या बाईंनी पत्रानं कळवलं. तोवर मी नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावात चपट्या थोरल्याचे वेल शोधले होते. ते वेल भरपूर होते, तिथं सुईला कुणाची ना नव्हती. प्रबंध दोन वर्षांत पुरा झाला आणि परीक्षकांनी वाखाणला. त्यातल्या वाढीच्या आलेखात फळ क्रमांक तेराची रेघ अकराव्या दिवसापर्यंत आहे. खाली तळटीप आहे. आणि एक फोटो आहे, फळाकडे सरळ रोखलेल्या बोटाचा. चेहरा कापला होता. शास्त्रात त्याची गरज नसते.

मला नोकरी लागली. सांगून आलेलं स्थळ दुसरीकडे गेलं, त्याचं दुःख झालं नाही. वर्गात मुलांना फळांची वाढ शिकवताना थोरल्या-धाकट्याच्या त्या दोन रेघा फळ्यावर काढायची वेळ यायची, तेव्हा माझा हात अकराव्या दिवसाशी अडायचा. मुलांना वाटायचं, बाई विसरल्या.

सहा वर्षांनी मी तिला शोधून काढलं. सोलापुरात, एका चाळीत, मागावर विणणाऱ्यांसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करत होती. भावाच्या घरी किती दिवस राहणार? खोलीत एक चरखा, सुताच्या लडी, कोपऱ्यात स्टो. केस पुढून पिकले होते. वय जेमतेम पंचविशीचं. तिनं मला लगेच ओळखलं, चरखा थांबवला, पाणी दिलं.

मी वाटेत घोकून आले होते. तरी बोलायला लागल्यावर सगळं उलटसुलट झालं. “शिवलीले, ते फळ... तुझ्या बोटानं नाही... मी सुई लावली होती. अण्णा बाजारात गेले होते तेव्हा. तू पाण्याला गेलीस आणि मी...”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“सात ठिपकं हुतं. दुसऱ्या दिशी पानी घालताना बघितलं की. खाली वाळू सारकी करत हुते, तवा.”

“तुला माहीत होतं? मग तू बोलली का नाहीस?”

“माजं कोन ऐकनार? आन् तुमी रोज यवढं वाकून वाकून मोजत हुता. म्हनलं, बाईंचं काय तरी काम आसंल.” तिनं सुताचं टोक शोधलं, कांडीला गुंडाळलं. माझ्याकडे ती रागानं पाहत नव्हती. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. “मामा कसं हायती?”

“गेले. मागल्या वर्षी.”

“आन् थोरला?”

“नाही राहिला. आता नुसता धाकटा लावतात. मिरजेचे कारागीर येत नाहीत.”

तिनं कांडीवरचं सूत बोटानं सारखं केलं. मग तिनं विचारलं, अगदी पूर्वी रानात विचारायची तसं, “मग कळलं का, बाई? थोरला कशानं थोरला हुतो ते?”

“कळलं.” तिला ते सांगायचा हक्क मला होता की नाही, कोण जाणे. पण तिला ऐकायचं होतं. तिनंच तर ते आकडे लिहिले होते. “आपल्याला वाटायचं की तो जोरात वाढत असेल. तसं नाही. रोजची वाढ दोघांची सारखीच. धाकटा विसाव्या दिवसापाशी थांबतो. थोरला थांबत नाही, आणखी पंधरा-वीस दिवस वाढतच राहतो. एवढाच फरक.”

“म्हंजे कोन कवा थांबलं, त्येच्यावर हाय.”

“हो.”

तिनं चाकावर हात ठेवला, फिरवला मात्र नाही.

“मी बी थांबले हुते की,” ती म्हणाली. “तीन दिस. भाऊ गाडी जुपून आला तरी त्येला म्हनलं, दादा, जरा थांब. बाई रानातनं येतील, बोलतील.”

मग तिनं चाक फिरवायला घेतलं. मला उठता येईपर्यंत तिच्या तीन कांड्या भरून झाल्या होत्या.